रायफलीची पारख

रायफल रिकामी आहे याची देवश्रीने दोनदा खात्री करून घेतली. चापाभोवतीची लिव्हर खाली ओढून मागून मोबाईलचा टॉर्च धरला आणि ती नळीच्या तोंडातून आत डोकावली. नळीत कोरलेले पीळ लखलखीत होते.

देवश्री धातुशास्त्रज्ञ. सुट्टीच्या दिवशी नेमबाजी. परवाना होता, लिव्हरच्या रायफलीची हौस जुनी होती. चामराजपेटेतली ही साठ वर्षांची रायफल बघायला येताना गंज, झिजलेले स्क्रू, सैल दस्ता, सगळं गृहीत धरून ती आली होती. मालक हणमंतराव सत्तरीचे. ते रायफलीकडे बघतच नव्हते, देवश्रीच्या चेहऱ्याकडे बघत होते. किमतीचं नावही त्यांनी काढलं नव्हतं.

तिने भिंग काढलं. काडतूस वर सरकतं त्या पट्टीवर त्याच्या पितळेचा एकही ओरखडा नव्हता.

"सर, ही वापरायचं कोण?"

"आमच्या अप्पांची, वडिलांची. एकदाच रानात नेली, अडुसष्ट साली. मग नुसतं दसऱ्याला तेल लावायचे. स्वल्प नीट बघा अक्का, घाई नाही."

देवश्रीने पुन्हा सगळं तपासलं. "यातून शिकार झालेलीच नाही, सर. फॅक्टरीत टेस्टिंगला एक-दोन गोळ्या सुटल्या असतील, त्याही थेट नळीत भरून; या पट्टीवरून काडतूस कधी चढलेलंच नाही. हिची किंमत तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे."

"नक्की?"

"हंड्रेड पर्सेंट. लिहून देऊ?"

"लिहून नको. आत येऊन सांगा."

आतल्या दारापाशी हणमंतराव थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "त्या दिवशी रानात गोळी लागून काका गेले. अप्पा शेवटपर्यंत सांगत होते, गोळी दुसऱ्या कुणाची, माझी रायफल उडालीच नाही. काकूंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मीही कधी कुणाला दाखवली नाही. उलटं निघालं तर, अशी भीती."

खाटेवर काकू, शारदाबाई, बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, पण नजर स्वच्छ. देवश्री त्यांच्याजवळ टेकली आणि जे दिसलं ते एकेक करून, सोप्या शब्दांत सांगितलं. शारदाबाईंनी ते मान हलवत ऐकलं. एक-दोन ठिकाणी पुन्हा विचारलं.

हणमंतरावांनी डोळे पुसले. इतक्या वर्षांनी अप्पा सुटले होते.

"म्हणजे भावजी खरं बोलत होते," शारदाबाई म्हणाल्या. मग पदर नीट करत, "जाताना भावजींनी माझ्याकडे पाणी मागितलं. मी उठले नाही रे, हणमंता."