टेकडीवरून दिसणारं गाव

निशिगंधा तिसऱ्यांदा थांबली. बेटावरच्या या सर्वांत उंच टेकडीला वाट अशी नव्हतीच. वाळलेलं कुसळी गवत आणि पायाखालून निसटणारा मुरूम. चहूबाजूंनी धरणाचं पाणी, वर मात्र थेंब नाही.

"कालेजात शिकवते म्हणे तू," पुढून लालीबाई म्हणाली. "तिथं चढणं नाही शिकवत काय?"

लालीबाई सत्तरीची होती. दर उन्हाळ्यात डोंग्यातून इथे तेंदूची पानं तोडायला येई.

निशिगंधाचे वडील पाटबंधारे खात्यात होते. मे महिन्यात धरणातला गाळ मोजायला यायचे आणि यवतमाळला परतल्यावर टेकडीवरून दिसणारं गाव सांगायचे. बावीस घरं, चिंच, चिंचेखाली विहीर, कुडावर वाळणारी लुगडी. ते वारल्यावर तिने दोन महिने नकाशे धुंडाळले. असं गाव कुठेच सापडेना. त्यांनी पाहिलेलं तिला एकदा पाहायचं होतं.

माथ्यावर वारा होता. तिने चारी दिशांना पाहिलं. पाणी आणि पाण्यापलीकडे नांगरून ठेवलेली काळी रानं. घर एकही नाही.

"काय धुंडून राह्यली?"

"बाबांना इथून गाव दिसायचं."

लालीबाई तिच्याकडे बघत राहिली. "साहेब कुठं चढले इथं? गुडघा धरे त्याईचा. खालीच बसत, डोंग्यापाशी. मी उतरली का इचारत, लालीबाई, काय दिसलं? मंग मी सांगो."

"पण इथून काहीच दिसत नाही."

"कसं दिसन? धरण भरलं तवाच बुडालं आमचं गाव. चाळीस साल झाले."

"बाबांना माहीत होतं?"

"त्याईले नाही तर कोणाले? गावावर पाणी किती, दोर सोडून तेच मोजत." लालीबाईने पदराने मान पुसली. "तरी दरसाल इचारत. दुसऱ्या कोणी नाही इचारलं मले."

 निशिगंधा एका दगडावर टेकली.

"तुमचं घर कोणत्या बाजूला?"

लालीबाईने हात लांब केला. बोट पाण्यावरच्या एका जागी नेमकं थांबलं.

"त्या गल्लीनं नको जाऊ, धनीबाईचं कुत्रं मोकळं असते. इकडून जाय. अन् दारात वाकजो, चौकट ठेंगणी हाय."