आडवी काठी

वादळाने फोन तोडले, बोटी थांबवल्या, आणि समुद्रापलीकडे स्प्लिट शहरात माझी लेक येर्का बाळंतपणात अडलेली. माशांची जाळी सोडून तारांची जाळी विणणाऱ्या जावयाशी मी त्यांच्या लग्नापासून अबोला धरला होता. आता त्याच्याच रेडिओवर भिस्त, आणि आमच्या रेडिओत नुसती खरखर. “वहिनी, त्याची अँटेना आडवी, तुमची उभी,” दीर मिकुला म्हणाला. “अशा दोघींना एकमेकींचं धड ऐकू येत नाही. एकीने वाकायलाच हवं.” “मग त्याला सांग की!” “तेच ऐकू जात नाहीये ना त्याला!” तो दात काढत म्हणाला. “दात आत घे आणि शिडी धर,” मी म्हटलं. नवऱ्याने उभारलेली अँटेनाची ताठ काठी मी स्वतःच्या हाताने आडवी केली. खाली उतरले तोच जावयाचा आवाज आला, “काका, सासूबाईंना सांगा, मुलगी झाली. दोघी सुखरूप.” मी माईक ओढला. “मलाच सांग. ऐकतेय मी.”