कोई सुन रहा हो तो

"कोई सुन रहा हो तो जवाब दीजिए."

यंत्रातून बाबांचा आवाज आला आणि क्षिप्राचा हात बटणावरच थांबला.

"बघ, पुन्हा," इंद्रजित म्हणाला. "मी सांगत होतो ना, आपोआप बोलतो."

गाझियाबादमधल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत त्यांच्या हॅम रेडिओ क्लबचा रिपीटर होता. छोट्या वायरलेस सेटवरचं बोलणं उचलून तो पार दिल्लीभर पोचवायचा. त्याच्या कंट्रोलरमध्ये बोलके निरोप भरलेले होते, सगळे क्षिप्राच्या बाबांच्या आवाजात. सेटवरून ठरलेले आकडे दाबले की ठरलेला निरोप वाजे. पण हल्ली हा चाचणीचा निरोप कधीही वाजायचा. भल्या पहाटे, भर दुपारी. लोक दचकून सेट बंद करत. बाबांना ओळखणारे तर जास्तच घाबरत. कारण बाबा आता बोलत नव्हते.

पक्षाघातानंतर ते दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये पलंगावर होते. डोळे उघडे, तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले होते, "आवाज कानात जातो, अर्थ पोचत नाही." मग घरातल्यांचं त्यांच्याशी बोलणं हळूहळू थांबलं. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलणं सुरू झालं.

जुने निरोप पुसून क्षिप्राच्या आवाजात नवे भरायचे, असं क्लबने ठरवलं. पहिला तिने भरला होता. स्वतःचा आवाज परत ऐकलाही होता. दुसरा पुसायला गेली, तेवढ्यात हे.

खिडकीबाहेर धुकं होतं. समोरचा टॉवर दिसत नव्हता.

"ओल गेली असेल आत," ती म्हणाली.

इंद्रजित कंट्रोलरवरच्या हिरव्या दिव्याकडे बघत होता. आजवर निरोप वाजताना इथे हजर कोणीच नव्हतं.

"ओल नाही. हा दिवा बाहेरून आकडे आले तरच लागतो. कोणीतरी दाबतंय, यार."

"आकडे कोणाला माहीत आहेत?"

"मला. आणि ज्यांनी ठरवले, त्यांना."

तिने घरी फोन लावला.

"आई, बाबा काय करतायत?"

"काय करणार? त्यांचा जुना सेट दिलाय हातात, तेवढेच शांत राहतात. बटणं दाबत बसतात, लहान मुलासारखे. आवाज मी बंद ठेवते. ती खरखर नको वाटते गं."

क्षिप्राने हिरव्या दिव्याकडे पाहिलं.

"आवाज वाढव, आई. पूर्ण. आणि सेट त्यांच्या हातातच राहू दे."

तिने माइक ओढून घेतला. बटण दाबलं.

"बाबा, मी क्षिप्रा. मी ऐकतेय."

बटण सोडलं. यंत्राचा पंखा तेवढा घुमत राहिला. इंद्रजितने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तिने हाताने थांबवलं. मग हिरवा दिवा लागला. विझला. चाचपडत दाबल्यासारखा पुन्हा लागला.

आणि धडधाकट बाबांचा, कधीकाळी हसत हसत भरलेला आवाज खोलीभर उमटला.

"आपकी आवाज बिल्कुल साफ आ रही है."