निळं झाकण

यंत्राने तिसऱ्यांदाही तेच सांगितलं. काकांचा रक्तदाब होता तिथून हललेला नव्हता. काकूंचा मात्र वर्षभरात छान खाली आला होता.

"अगदी पुस्तकात असतं तसं," मीठवाली म्हणाली आणि तिने काकांच्या दंडावरचा पट्टा सोडला.

ती आहार-संशोधन संस्थेची परिचारिका होती, पण सगळे तिला मीठवालीच म्हणत. दर महिन्याला ती घरोघर दोन बरण्या पोचवायची. निळ्या झाकणाच्या बरणीत नवं, सोडियम कमी केलेलं मीठ. लाल झाकणाच्या बरणीत नेहमीचं. नव्या मिठाने रक्तदाब उतरतो का, पक्षाघाताचा धोका कमी होतो का, हे संस्थेला पाहायचं होतं. स्वयंपाक बिनमिठाचा करायचा आणि ताटात ज्याने त्याने आपल्या बरणीतलं घ्यायचं. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा काकूंना निळं झाकण आलं, काकांना लाल. एकाच घरात नवरा-बायकोला दोन वेगळी मिठं दिली की बाकीचं जेवण सारखं राहतं आणि फरक फक्त मिठाचा उरतो, ही कल्पना संस्थेतल्या मोठ्या डॉक्टरांची. डॉक्टरांचं लग्न झालेलं नव्हतं.

दोन्ही मिठांची चव सारखीच लागते, असंही संस्थेने कळवलं होतं. वर्ष संपताना संस्थेचं तेवढंच म्हणणं खरं ठरलं होतं. एका घरी निळ्या बरण्या पाहुण्यांसाठी म्हणून न उघडता कपाटात मांडून ठेवल्या होत्या. त्या परत घेतल्यामुळे मीठवालीची पिशवी जड झाली होती. दुसऱ्या घरी दोन्ही बरण्या सासूबाईंच्या ताब्यात होत्या. तिसऱ्या घरचे गृहस्थ घरी नेमाने वागायचे आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये त्याची भरपाई करायचे. आणि हे सगळं लोक तिला कौतुकाने सांगत होते. "एक तरी घर नीट आणा हो," डॉक्टर सकाळी म्हणाले होते. हे शेवटचं घर. चौथा मजला. काकांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता आणि इमारतीची लिफ्ट बंद होती.

"तुमचं घर म्हणजे नमुना आहे," ती म्हणाली. "निळ्याने उतरला, लालने नाही उतरला. असंच व्हायला हवं होतं."

काकूंचा चेहरा उतरला. त्या पाणी आणायला म्हणून उठल्या आणि आतून हाक आली, "ताई, जरा येता का?"

स्वयंपाकघरात त्यांनी दार लोटून घेतलं.

"तुमचं मीठ कुचकामी आहे."

"का हो काकू?"

"बरण्या आल्या की मी झाकणं बदलते. पहिल्या महिन्यापासून. चांगलं ते ह्यांना, साधं ते मला. ह्यांचे थोरले भाऊ असेच दाबाने गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या, हातातला चहा तसाच. कुणाला गरज आहे ते चिठ्ठीला काय कळतंय?" त्या पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागल्या. "आणि आता तुम्ही म्हणता, माझा उतरला. मग ह्यांच्या पोटात मी वर्षभर घातलं तरी काय?"

मीठवाली भिंतीला टेकली. शेवटचं घरही गेलं. शिवाय हिशेब लागत नव्हता तो वेगळाच.

"ज्याचं मीठ खावं त्याला जागावं म्हणतात, काकू. तुम्ही दोघांनी कुणाचं खाल्लंत तेच मला कळेना."

"ह्यांना बोलू नका."

"नाही बोलत." कुणाशीच काही बोलायची तिच्यात ताकद उरली नव्हती.

नको नको म्हणत असताना काका तिला पोचवायला निघाले. एक मजला उतरेपर्यंत त्यांना धाप लागली. कठडा धरून ते उभे राहिले.

"तिचा नक्की उतरला ना?"

"नक्की."

"मग झालं." त्यांनी वर आपल्या दाराकडे पाहिलं. "आत काय खलबत चाललं होतं ते ठाऊक आहे मला. झाकणं बदलते ती. पहिल्याच महिन्यात आवाजावरून ओळखलं. जन्मभर यंत्रांचे आवाज ऐकलेत, बरणीचं झाकण काय चीज आहे."

"मग तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"म्हणायचं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेली की मी परत बदलतो."

मीठवाली पायरीवर बसली. म्हणजे हे घर नीट होतं. सबंध पाहणीतलं एकमेव.

"अहो काका, पण तुमचा दाब..."

"चांगलंचुंगलं असेल ते माझ्या ताटात टाकायची तिला सवयच आहे. एवढी वर्षं मीही गुमान खाल्लं. चिठ्ठीने एकदाच तिच्या वाट्याला काही बरं दिलं होतं. तेही मीच खाऊ?"

तिने पिशवी मांडीवर ओढली. मग तिने पिशवीत हात घालून त्या न उघडलेल्या बरण्यांतल्या दोन काढल्या. दोन्हींची झाकणं निळी.

"प्रयोग संपला. आता दोघांनीही हेच खायचं. मूत्रपिंड दुबळं असेल तर हे मीठ चालत नाही, पण तुमच्या दोघांच्या तपासण्या चांगल्या आहेत, तेव्हा काळजी नाही. आणि उद्या दवाखान्यात येऊन गोळीचं विचारायचं. काकूंना घेऊन."

काकांनी एकेका हातात एकेक बरणी घेतली आणि आळीपाळीने दोन्हींकडे पाहिलं.

"तरी ती बदलणारच."

"बदलू द्या," मीठवाली म्हणाली आणि उरलेले तीन मजले उतरायला उठली.