तेल कुठून जातं, कुठून येतं

अंगणात पडलेल्या, माती ढकलायच्या ब्लेडपासून हातभर अंतरावर लोडर थांबला. सीटवर बसलेल्या टेलरबाईने मान वळवून व्हरांड्याकडे पाहिलं. खुर्चीतल्या नवऱ्याने डोळे मिटून घेतले होते.

"अहो, डोळे काय मिटताय? बघा तरी!"

लोडर त्याचा. पण पाच महिन्यांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं, आणि लोडर अंगणात उभा राहिला तो राहिलाच. गेल्या आठवड्यात कुंपणाची भिंत कोसळली. विटामातीचा ढीग नेमका फाटकातच आला. शेजारीपाजारी अंग चोरून फटीतून ये-जा करत. काठी टेकत चालणाऱ्याला ते जमण्यासारखं नव्हतं. व्यायामाच्या दवाखान्यात जाणं थांबलं, आणि नवऱ्याला ते पथ्यावरच पडलं, असा तिला दाट संशय होता. म्हणून चार दिवस ओळखीच्या वेल्डरकडून लोडरच्या दांड्या चालवायला शिकून आज ती स्वतःच चढली होती.

लोडरच्या पुढची लोखंडी पाटी झुकवून ब्लेडच्या पाठीवरच्या आडव्या पट्टीखाली घालायची होती. पहिल्यांदा पाटी घसरली, ब्लेड खणकन मागे सरकलं. दुसऱ्यांदा बरोबर बसली. इंजिन बंद करून ती उतरली, ब्लेड पाटीला अडकवणाऱ्या दोन्ही खिट्ट्या खाली दाबल्या आणि हात झटकले.

"झालं की! एवढ्यासाठी तुम्ही तास तास लावायचात?"

व्हरांड्यात काठी आपटली. नवऱ्याचे डोळे आता उघडे होते. काठीचं टोक खाली, अगदी जमिनीकडे रोखलेलं होतं.

ती वाकली. ब्लेडला खाली दोन भोकं होती; खिट्टी दाबली की प्रत्येकातून एक पिन बाहेर यायला हवी. डाव्या भोकातून पिनचं टोक बाहेर आलं होतं. उजव्यात मातीचा गोळा घट्ट बसला होता. पिन आतच अडकली होती. तिने माती कोरून काढली, खिट्टी पुन्हा दाबली. टोक बाहेर आलं.

"आणि तशीच निघाले असते तर?"

नवऱ्याने आधी ब्लेडकडे पाहिलं, मग तिच्या पावलांकडे. तिने पावलं मागे घेतली.

राहिले ब्लेडचे दोन तेलाचे पाइप, लोडरला जोडायचे. ब्लेड डावीउजवीकडे वळायचं ते यांच्या जोरावर. तिने तोंडं फडक्याने पुसली आणि पहिला पाइप जोडात दाबला. जाईना. अंगाचा भार टाकला, तरी जाईना. मग ती थांबली. मशीनवर कापड अडलं की ती कधी ओढत नसे. आधी त्याच्यावरचा दाब उचलायची.

"अहो, आत दाब राहिलाय का?"

नवरा खुर्चीत पुढे सरकला. तिच्याकडे नवलाने बघत त्याने डावा अंगठा इकडून तिकडे हलवला. तिने इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली आणि दांडीवरचं बटण डावीकडे, उजवीकडे, दोन-तीनदा दाबलं. आत काहीतरी सैल पडल्यासारखा आवाज झाला. पहिला पाइप टक्कन बसला.

दुसरा मात्र काही केल्या जाईना.

नवरा उठला. कुणी सांगितलं नव्हतं. तो पायऱ्या उतरू लागताच ती धावली, तर त्याने काठी उगारून तिला जागेवरच उभं केलं. पालथ्या बादलीवर बसून त्याने पाइपवर हात ठेवला आणि वर सूर्याकडे बोट केलं.

"तापलाय? आतलं तेल फुगलंय?"

त्याने मान हलवली. पाच महिन्यांत इतकी जोरात हलली नव्हती.

तिने ओलं पोतं आणून पाइपवर टाकलं आणि त्याच्याशेजारी उकिडवी बसली. "इतकी वर्षं इथे चहा आणून दिला, पण तुम्ही नक्की करता काय ते विचारलंच नाही. हे तेल जातं कुठे?"

नवऱ्याने काठीने मातीत एक लांब डबा काढला. त्यात एक दांडा. दोन्ही टोकांना एकेक रस्ता. मग बाण.

"म्हणजे इकडून तेल घुसलं की दांडा तिकडे सरकतो. आणि तिकडचं तेल दुसऱ्या पाइपने माघारी?"

मान हलली.

"आणि दोन्हीकडून एकदमच घुसलं तर?"

काठी हवेतच थांबली.  त्याने पायाने चित्र पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतलं. पोतं केव्हा वाळलं ते दोघांनाही कळलं नाही.

मग त्याने डाव्या हाताने जोडाची कडी मागे ओढून धरली आणि तिने पाइप दाबला. टक्.

ती वर चढली, इंजिन सुरू केलं, बटण डावीकडे दाबलं. ब्लेड उजवीकडे वळलं.

"अगं आई! बिघडलं!"

नवऱ्याच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. खांदे हलायला लागले. त्याने दोन बोटं एकमेकांवर चढवून दाखवली.

"उलटे जोडले? आणि तुम्ही समोर बसून बघत राहिलात?"

त्याने मान हलवली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

तिने इंजिन बंद करून पाइपांची अदलाबदल केली. मग ढीग हलू लागला. विटा, माती, खापऱ्या कुंपणाच्या कडेला सरकत गेल्या. तो लांब उभा राहून हाताने दाखवत होता: खाली, अजून खाली, बस.

फाटक मोकळं झालं.

"झालं!" ती ओरडली आणि वळून पाहिलं. तो तिथे नव्हता. फाटकाच्या खांबाला धरून तो पलीकडे गेला होता, रस्त्यावर. त्याने दोन्ही बाजूंना नीट पाहिलं आणि तिच्याकडे तोंड करून डावा हात हलवला: ये, ये, अजून पुढे ये.