झिपऱ्याचा रुसवा

“पाच मिनिटांचं काम आहे, आजी. आतलं सगळं पुसून टाकतो, नव्यासारखा होईल,” हर्षद म्हणाला. यंत्रकुत्री बनवणाऱ्या कंपनीचा हा दुरुस्तीवाला खोपोलीहून भिसेगावात खास झिपऱ्यासाठी आला होता.

झिपऱ्या येसूबाईच्या पायाशी बसला होता. अंगावर केस औषधालाही नाही, सगळं पांढरं प्लास्टिक. पण नाव तिनं ठेवलेलं, तेव्हा तेच खरं.

“झालंय काय त्याला?” तिनं विचारलं.

“हाक मारली तर येत नाही,” तिचा मुलगा केतन म्हणाला. “पाठ फिरवून बसतो माझ्याकडे.”

“लाथ मारलीस तू त्याला. कसा येईल रं?”

“पायात आला म्हणून मारली! आणि त्याला लागतंय थोडंच?”

हर्षदनं समजुतीचा सूर लावला. “आजी, याला माया करायला शिकवलंय. मालक दिसला की शेपटी हलवायची, एवढंच. हे रुसणं कंपनीनं दिलेलं नाही, त्याचं त्यालाच आलंय. म्हणजे बिघाडच.”

“माया दिलीत न् रुसवा नाय दिला?” येसूबाई कडाडली. “मंग ती माया कसली? लाचारी ती! न् पुसल्यावर मला वळखंल का?”

“नाही. नव्यानं ओळख करून द्यायची.”

येसूबाईनं झिपऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. आवाज मात्र चढाच राहिला. “मंग नाय पुसायचं. त्याचा राग त्याचा हाय.”

“अहो, मशीन आहे ते!” हर्षद म्हणाला.

“तुम्ही करा हो तुमचं काम,” केतन वैतागून म्हणाला.

पुसायला लागणारी केबल बाहेर गाडीत राहिली होती. हर्षद ती आणायला वळला, तोच झिपऱ्या उठला, त्याच्या पुढून दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर आडवा पसरला. केतननं हाक मारली. त्यानं मानसुद्धा वळवली नाही.

हर्षदनं पाय उचलला आणि तसाच मागे घेतला.

“आजी, उठवा ना याला जरा.”

“कशाला? टाक की टांग.”

“असं कसं? निजलेल्याला ओलांडू नये...”

बोलला आणि त्यानं जीभ चावली. केतन दुसरीकडेच बघू लागला.

येसूबाईनं पदर खोचला आणि झिपऱ्याशेजारी उंबऱ्यापाशी बसकण मारली.

“मशीन हाय ते,” ती म्हणाली. “वलांड की.”