उजव्या डोळ्याचा फोटो

"घाबरताय काय काका? डोळा काढून नेत नाही मी. फोटो काढतेय," नर्सबाई म्हणाल्या.

शिंपीकाका शिलाई मशीनवरून उठायला तयार नव्हते. "दहा वर्षं साखर आहे, पण सुईत दोरा अजून बिनचष्म्याचा ओवतो. पुढच्या घरी जा."

अशा हट्टी माणसांवर नर्सबाईंचा एक हमखास उपाय होता. त्यांनी डोळ्याच्या आतला फोटो काढणारा छोटा कॅमेरा काकांच्या हातात दिला आणि स्वतःचा उजवा डोळा पुढे केला. "आधी माझा काढा. दाबा बटण."

काकांनी दाबलं. नर्सबाई जिवंत राहिल्या हे पाहून मग आपलाही डोळा दिला. नर्सबाईंनी नेहमीप्रमाणे एक फोटो पुसला, एक शहरातल्या डॉक्टरांकडे पाठवला, बाटलीतलं उरलंसुरलं पाणी घटाघटा संपवलं आणि पुढची वस्ती गाठली.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त पाझरतंय. महिन्याच्या आत उपचार, नाहीतर डोळा जाईल.

त्या धावतच दुकानात गेल्या.

"मला लख्ख दिसतंय," काका म्हणाले.

"हा आजार असाच मुका असतो. कळतं तेव्हा हातात काही उरत नाही. माझ्या आईचं तेच झालं. शेवटी शेवटी माझा चेहरा चाचपून ओळखायची."

"तू तर निरूपणच लावलंस, पोरी."

"लावीन. रोज येऊन लावीन."

आणि खरंच, आठ दिवस त्या येत राहिल्या. नवव्या दिवशी काकांनी हात टेकले. नर्सबाईंनी रजा टाकली, काकांना घेऊन त्या बसने शहराकडे निघाल्या आणि रस्ताभर मनातल्या मनात देवाला साकडं घालत राहिल्या.

डॉक्टरांनी थेंब घालून दोन्ही डोळे तपासले. मग पुन्हा तपासले.

"काका, तुमच्या डोळ्यांत काही म्हणजे काहीच नाही. ठणठणीत आहेत."

"देवा, तुझे उपकार!" नर्सबाईंना हुंदकाच आला.

डॉक्टर मात्र संगणकावरचा तो फोटो न्याहाळत होते. "मग हा डोळा यांचा नाही. शिरांची ठेवणच वेगळी आहे. त्या दिवशी आणखी कोणाचा फोटो काढला होतात, सिस्टर?"

नर्सबाईंचा हात आपसूक स्वतःच्या उजव्या डोळ्याकडे गेला.

काका तपासणीच्या खुर्चीवरून हळूच उठले. त्यांनी नर्सबाईंचा हात धरला.

"बस, पोरी."